वृक्षनेचा : दुष्काळातील अन्न आणि दुकानातील मोह

गेल्या वर्षी श्रावणात आमचे एक स्नेही चिकित्सालयात आले. काष्ठौषधींच्या व्यापारात त्यांची तीस वर्षे गेली आहेत. त्यांनी एक कागदी पुडी आमच्यापुढे ठेवली. पुडीत मळकट पांढऱ्या रंगाचे चूर्ण होते आणि त्यासोबत सोनेरी, रेशमासारख्या केसांचा एक झुबका. माल घेऊन आलेल्या दलालाने त्यांना सांगितले होते, की हा पूर्वेकडील पहाडी वृक्षाचा ‘मगज’ आहे, तिकडील लोक तो खाऊन धष्टपुष्ट राहतात आणि अस्थिक्षयावर त्यासारखे दुसरे द्रव्य नाही. पंचवीस किलो माल तयार होता व दरही परवडणारा होता. स्नेह्यांचा प्रश्न सरळ होता : “वैद्यराज, घेऊ का?”

प्रांजळपणे सांगायचे तर क्षणभर आम्हीही मोहात पडलो. गुडघे व कंबर धरून येणाऱ्या वृद्ध रुग्णांची संख्या आम्हां सर्वांच्याच चिकित्सालयांत मोठी आहे. ‘लोक खातात, म्हणजे निरुपद्रवी असणारच’ हा विचार मनात येऊन गेला. पुढे या वनस्पतीविषयी जे वाचनात आले, त्याने तो विचार पार बदलला. आमच्या व्यवसायबंधूंच्या व औषधी दुकानदारांच्या उपयोगी पडावे, म्हणून ते येथे मांडीत आहोत.

वृक्षनेचा म्हणजे काय?

नेचा म्हटले की पावसाळ्यात दगडी भिंतींवर उगवणारी नाजूक झालरीची पाने आपल्या डोळ्यांपुढे येतात. हंसराज, मयूरशिखा व बाशिंग ही आपल्या परिचयाची औषधी द्रव्ये याच कुळसमूहातील होत. याच समूहातील काही जाती मात्र वृक्षाप्रमाणे उंच वाढतात. त्यांना फूल नाही, फळ नाही, बीजही नाही. पानांच्या मागील बाजूस येणाऱ्या सूक्ष्म बीजाणूंपासून त्यांची उत्पत्ती होते. सरळ खोड आणि त्याच्या शेंड्यावर छत्रीसारखा पानांचा घेर, असे यांचे रूप असल्यामुळे दुरून पाहणाऱ्यास ते माडाच्या जातीचे झाड वाटते.

या खोडात सागवानासारखे खरे लाकूड नसते. बाहेरून काळसर मुळ्यांचे घट्ट जाळे, त्याच्या आत कठीण वाहिन्यांचे कवच आणि मधोमध मऊ गाभा, अशी त्याची रचना असते. बागवान ऑर्किड लावण्यासाठी जे काळे तंतुमय तुकडे वापरीत आले आहेत, ते या मुळ्यांच्या जाळ्याचे. खाल्ला जातो तो आतील गाभा. काही जातींत त्यात पिष्ट साठलेले असते, तर काहींत तो बुळबुळीत व पाणीदार असतो.

आपल्या देशात सायथिया या प्रजातीतील वृक्षनेचे ईशान्येकडील राज्ये, पूर्व हिमालय, दक्षिणेकडील सह्याद्री आणि मध्य भारतात पचमढीच्या सावलीच्या दऱ्यांत आढळतात. आधुनिक वनस्पतिशास्त्रज्ञ यांतील अनेक जातींना अल्सोफिला या नावाने ओळखतात. दुसरी प्रजाती सिबोटियम. हिच्यातील सिबोटियम बॅरोमेट्झ ही जाती ईशान्य भारतापासून चीन व आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे. या दोहोंतील एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सायथियाच्या देठांवर व कोंबांवर चपटे खवले असतात, तर सिबोटियमवर लांब, मऊ, सोनेरी केस असतात. पुडीतील झुबका पाहून तो सिबोटियमचा असावा, असा तर्क आम्हांस करता आला. सोबतचे चूर्ण मात्र त्याच झाडाचे आहे, हे त्या झुबक्यावरून मुळीच सिद्ध होत नव्हते.

कोण खातात, कसे खातात?

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी १८४८ व १८४९ या वर्षांत सिक्कीमचा प्रवास केला आणि १८५४ मध्ये आपले प्रवासवृत्त प्रसिद्ध केले. तेथील लेपचा लोक काटेरी देठाच्या एका वृक्षनेच्याला ‘पुग्जिक’ म्हणतात व त्याचा मऊ, पाणीदार गाभा खातात, अशी नोंद त्यांनी केली आहे. सिक्कीम-दार्जिलिंगच्या बाजारात आज ‘निंगरो’ नावाने जे कोवळे, गुंडाळलेले कोंब भाजीसाठी विकले जातात, ते मात्र जमिनीवर वाढणाऱ्या निराळ्या नेच्याचे. आसामात त्याच प्रकारच्या भाजीला ‘ढेकिया’ म्हणतात. ही नित्याची भाजी आहे. कोंब खुडला तरी झाड जिवंत राहते आणि नवा कोंब फुटतो. खोड फोडून गाभा काढणे हे कर्म सर्वस्वी भिन्न आहे.

गाभा खाण्याचा सर्वांत बोलका इतिहास हवाई बेटांचा आहे. तेथे सिबोटियमच्या जाती केवळ त्याच बेटांवर उगवतात. स्थानिक भाषेत त्यांना ‘हापुऊ’ म्हणतात. हवाईवासीयांचे नित्याचे अन्न म्हणजे अळकुडीच्या जातीचा ‘कालो’ हा कंद, रताळी आणि मासे. पिके बुडाली म्हणजे ते हापुऊचे खोड फोडून आतील पिष्टमय गाभा काढीत आणि जमिनीतील भट्टीत किंवा ज्वालामुखीच्या परिसरातील वाफेच्या भेगांत तो शिजवीत. एरवी हा गाभा डुकरांना घातला जाई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या गाभ्यापासून स्वयंपाकासाठी व कपड्यांच्या खळीसाठी पिष्ट काढण्याचा उद्योगही तेथे निघाला.

न्यूझीलंडचे माओरी लोक ‘मामाकू’ या उंच काळ्या वृक्षनेच्याचा गाभा खात आले. तो अत्यंत बुळबुळीत असतो आणि जमिनीतील भट्टीत दीर्घकाळ शिजविला जाई. त्याचा लेप व्रणांवरही लावीत. जॉर्ज फॉर्स्टर यांनी १७८६ मध्ये या वनस्पतीला दिलेल्या लॅटिन नावातील ‘मेड्युलॅरिस’ या शब्दाचा अर्थच ‘मज्जेचा’ असा आहे. न्यूझीलंडमधील संशोधकांनी या बुळबुळीत द्रवाचा अलीकडे अभ्यास केला, तेव्हा त्यात एक दुर्मीळ गुण आढळला. बहुतेक चिकट द्रव ढवळल्यावर पातळ होतात, हा मात्र ढवळल्यावर अधिक घट्ट होतो. खोडाच्या गाभ्याला मज्जा म्हणणे हा वनस्पतिशास्त्राचा शब्दव्यवहार आहे. त्यावरून ते द्रव्य मज्जाधातूचे पोषक ठरत नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच. दलालाच्या ‘मगज’ या शब्दाची गंमत मात्र येथे उलगडते.

अष्ट आयतनांच्या कसोटीवर

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी करावयास सांगितले आहे. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही ती आठ अंगे होत. ‘लोक खातात’ या एका वाक्यात दलालाने ही आठही अंगे गिळून टाकली होती. ती पुन्हा उलगडून पाहू.

*प्रकृती.* हापुऊचा गाभा मुख्यतः पिष्ट होय. मामाकूचा गाभा पिच्छिल आहे. आमच्या अनुमानाप्रमाणे ही द्रव्ये गुरु, शीत आणि कफवर्धक ठरतील. हे अनुमान आहे, शास्त्रवचन नव्हे. अस्थिपोषक म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णात मुख्यतः पिष्ट असेल, तर ते घेणारा रुग्ण रोज चमचाभर पीठ खात राहील. आपल्या वृद्ध रुग्णांपैकी कितीजणांस प्रमेह असतो, हे आठवावे.

*करण.* ज्यांनी हे अन्न खाल्ले, त्यांनी ते कच्चे चूर्ण करून खाल्ले नाही. त्यांनी ते भट्टीत शिजविले. अग्निसंस्काराने द्रव्यात गुणांतर घडते, हा आपलाच सिद्धान्त आहे. नेच्यांच्या बाबतीत त्याची किंमत मोठी आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात व पश्चिम कॅनडात कच्चे किंवा अर्धवट शिजलेले नेच्याचे कोंब खाऊन अनेकांना वांती-अतिसार झाला होता. तेच कोंब नीट उकळले असता नित्याची भाजी ठरतात.

*संयोग व राशी.* संकटकाळी हा गाभा जे मिळेल त्यासोबत, पोट भरेल इतका खाल्ला गेला. चिमूटभर चूर्ण दुधासोबत वर्षभर घेण्याची प्रथा या समाजांत आमच्या वाचनात आली नाही. एका संयोगाचा व राशीचा अनुभव दुसऱ्यास लावता येत नाही.

*देश व काल.* येथे या विषयाचे मर्म आहे. हवाईत हे दुष्काळातील अन्न होते. कालो पिकत असता कोणी हापुऊ फोडीत नसे. संकटकाळी जीव तगविण्यासाठी जे पत्करले, ते बल्य रसायन म्हणून सुकाळी विकणे हा कालाचा सरळ विपर्यास होय. आपल्याकडेही दुष्काळात लोकांनी रानातील कंद व पाला खाऊन दिवस काढले. त्या अन्नाने प्राण वाचविले, एवढाच त्याचा महिमा. तो पुरेसा मोठा आहे.

*उपयोगसंस्था व उपयोक्ता.* गाभा कोणत्या जातीचा, कोवळा की जून, खोडाच्या कोणत्या भागातील, हे खाणाऱ्या पिढ्यांना ठाऊक होते. धनगर, गवळी व वनवासी यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, हे चरकाचार्यांनी मान्य केले आहे. त्याच संदर्भात, न ओळखलेले द्रव्य विष, शस्त्र व अग्नी यांच्यासारखे घातक असते, असा इशाराही त्यांनी दिला आहे. पुडी हातोहात फिरत आपल्या शहरात येते, तेव्हा ते ज्ञान मागे राहते आणि केवळ पीठ पुढे येते.

सारखे दिसणारे, निराळे असणारे

चूर्णावर आम्ही आयोडीनचा थेंब टाकला. ते लगेच निळे-काळे झाले. यावरून त्यात पिष्ट आहे एवढेच कळले. बटाट्याच्या पिठावरही हाच रंग येतो. खोडाच्या पिष्टाच्या व्यापारात नाव एक व वस्तू दुसरी, असे होणे नवीन नाही. आपला उपवासाचा साबुदाणा पाहा. मूळ ‘सागो’ म्हणजे आग्नेय आशियातील सागो ताडाच्या खोडातील पिष्ट. आपण खातो तो साबुदाणा टॅपिओका कंदाचा असून, तमिळनाडूतील सेलम भागात हा उद्योग १९४० च्या दशकात उभा राहिला. येथे निदान बदल उघड आहे आणि कंदातील विषारी अंश प्रक्रियेने दूर होतो.

वृक्षनेच्याशी साधर्म्य असणाऱ्या सायकसच्या बाबतीत मात्र चूक जिवावर बेतू शकते. खोड व पानांचा घेर तसाच, म्हणून अनभ्यस्त डोळा सहज फसतो. सायकसमध्ये यकृतास व मज्जासंस्थेस घातक विषे असतात. केरळात त्याच्या बियांचे पीठ पाण्यात दीर्घकाळ भिजवून, धुऊन मगच वापरतात. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर कॅप्टन कुक यांच्या खलाशांनी सायकसच्या जातीच्या बिया खाल्ल्या आणि ते आजारी पडले. तेथील मूळ रहिवासी त्याच बिया संस्कार करून खात होते.

जमिनीवर उगवणाऱ्या ‘ब्रॅकन’ या नेच्याचे उदाहरणही नोंदवावेसे वाटते. तो चरणाऱ्या गुरांना रक्तमूत्रता व मूत्राशयाचे अर्बुद होते. १९८३ मध्ये त्यातील कर्करोगजनक घटक, टॅक्विलोसाइड, वेगळा करण्यात आला. जपानात त्याचे कोंब राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात संस्कारित करून खातात. त्याने विष घटते, तरी निर्धास्त राहता येत नाही. ब्रॅकन हा वृक्षनेचा नव्हे. परंतु ‘नेचा म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीला त्याने कायमचे उत्तर दिले आहे.

सोनेरी केसांच्या सिबोटियम बॅरोमेट्झला चिनी वैद्यकात खरोखरच स्थान आहे. तेथे त्याचा कंद ‘गौजी’ या नावाने कंबर व गुडघ्यांच्या विकारांत वापरतात. दलालाच्या बोलण्याचा उगम बहुधा येथे असावा. पण तेथेही त्याची जाती निश्चित आहे, अंग निश्चित आहे आणि तापलेल्या वाळूत भाजून, केस काढून टाकण्याचा संस्कार सांगितला आहे. ते औषध आहे, आहार नव्हे. एका परंपरेतून रोगाधिकार उचलावा, दुसरीतून ‘लोक खातात’ हे आश्वासन घ्यावे आणि तिसऱ्याच कशाचे तरी पीठ पुडीत बांधावे, असा हा प्रकार दिसतो.

एका गाभ्याचे मोल

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. हापुऊचे खोड वर्षाला अवघे काही सेंटिमीटर वाढते. पुरुषभर उंचीचे खोड म्हणजे अनेक दशकांची साठवण. गाभा काढला की ती एका जेवणात संपते. सायथियाच्या बहुतेक खोडांना एकच शेंडा असतो. तो तोडला की झाड संपले.

बाजाराने काय होते, हेही हवाईनेच दाखविले आहे. हापुऊच्या कोंबांवरील सोनेरी लोकरीला ‘पुलू’ म्हणत. पूर्वी हवाईवासी ती जखमेवर बांधीत व मृतदेह जतन करण्यासाठी वापरीत. १८५० च्या दशकापासून सुमारे तीन दशके ही लोकर गाद्या-उशांत भरण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोकडे जहाजांनी गेली. त्यासाठी असंख्य वृक्षनेचे तोडले गेले. काही वर्षांत उशीतील पुलूची भुकटी होते, हे ग्राहकांच्या लक्षात आले आणि व्यापार बसला. एका जुन्या पुलू कारखान्याचे भग्नावशेष तेथील ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात आजही दिसतात.

पुढची कथा अधिक उद्बोधक आहे. हवाईच्या रानांत मोकाट झालेली डुकरे पिष्टाच्या लोभाने हापुऊची खोडे फोडतात. पोकळ झालेल्या खोडांत पावसाचे पाणी साचते व त्यात डास वाढतात. हा डास तेथील मूळचा नाही. १८२६ च्या सुमारास तो जहाजांतून आला. आपल्याकडे हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स तो हाच. तेथे तो पक्ष्यांतील हिवताप पसरवितो आणि जगात अन्यत्र कोठेही नसलेले रानपक्षी त्याने मरत आहेत. एका खोडाचा गाभा ओरबाडला जातो आणि त्याचे फळ भलत्याच जिवास भोगावे लागते. जनपदोध्वंसाचे वर्णन वाचलेल्या वैद्यास हे साखळीसूत्र अपरिचित वाटणार नाही.

सायथियाच्या सर्व जाती आणि सिबोटियम बॅरोमेट्झ यांचा समावेश ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अधिकृत परवान्याविना त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने या करारातील जातींसाठी स्वतंत्र अनुसूचीही आली आहे. कागदपत्रांविना आलेला असा माल घेणाऱ्या दुकानदाराने स्वतःला किती अडचणीत घातले, हे त्याला पुढे कळते.

दुकानदार व वैद्यबंधूंसाठी

अनोळखी वन्य द्रव्य पुढे आले असता आम्ही आता पाच प्रश्न विचारतो. शास्त्रीय नाव काय? कोणते अंग? कोणत्या प्रदेशातून, कोणत्या ऋतूत, कोणी काढले? खाणारे किंवा वापरणारे त्यावर कोणता संस्कार करतात? ते काढल्यावर झाड जगते का? पहिल्या चारांपैकी एकाचेही उत्तर न मिळाल्यास द्रव्य परत करावे. पाचव्याचे उत्तर ‘नाही’ असल्यास, उरलेल्या चारांची उत्तरे कितीही समाधानकारक असली तरी लागवडीचा पुरावा मागावा.

स्नेह्यांनी हे प्रश्न दलालाला दूरध्वनीवरून विचारले. पहिल्या प्रश्नाला त्याने तीन निराळी नावे सांगितली, पाचव्या प्रश्नाला तो हसला. स्नेह्यांनी माल नाकारला. त्यात त्यांचा नफा बुडाला. ‘शेजारचा दुकानदार घेईल, मग माझे गिऱ्हाईक तिकडे जाईल,’ ही त्यांची खंत अगदी खरी होती आणि तिच्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर एकच संभवते. शेजारच्या दुकानदारानेही हेच पाच प्रश्न विचारावेत. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

लेपचांचा पुग्जिक, हवाईचा हापुऊ, माओरींचा मामाकू यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. भुकेच्या दिवसांत या वृक्षांनी माणसे जगविली. त्यांचे ते ऋण पुड्या बांधून फिटणारे नाही. ती कागदी पुडी आम्ही चिकित्सालयाच्या कपाटात जपून ठेवली आहे. शिकाऊ वैद्य आले म्हणजे ती त्यांच्यापुढे ठेवतो आणि विचारतो, “हे काय आहे?” ‘माहीत नाही’ असे जो प्रथम म्हणतो, त्याला आम्ही शाबासकी देतो.

इत्यलम्.